हॅमायसिन ते ऑरिओफंजिन : डॉ. तिरुमलाचार यांचे बुरशीविषयक संशोधन

भारतीय प्रतिजैविकांच्या इतिहासात पिंपरीचे नाव पेनिसिलिनशी जोडले जाते. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स’ या सार्वजनिक क्षेत्रातील कारखान्यात वनस्पतिरोगांवरही महत्त्वाचे संशोधन झाले. ही बाब मात्र उपेक्षित राहिली आहे.

या संशोधनाचे प्रमुख डॉ. एम. जे. तिरुमलाचार हे मूळचे कवकशास्त्रज्ञ होते. पेनिसिलिन बुरशीपासून मिळते व जिवाणूंचा नाश करते. बुरशीजन्य रोगांवर ते निरुपयोगी ठरते. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी उलट दिशेने शोध घेतला. मातीतील स्ट्रेप्टोमायसीस वर्गातील जिवाणूंपासून त्यांनी बुरशीनाशक द्रव्ये मिळविली. १९६१ मध्ये ‘हॅमायसिन’ प्रसिद्धीस आले. त्याच्या जनक जिवाणूस ‘स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना’ असे नाव मिळाले व पिंपरी हे गाव शास्त्रीय परिभाषेत कायमचे नोंदले गेले. हॅमायसिन मानवी रोगांसाठी वापरले गेले. १९६४ चे ‘ऑरिओफंजिन’ मात्र प्रामुख्याने पिकांसाठी होते. भातावरील करपा, लिंबूवर्गीय झाडांवरील डिंक्या अशा रोगांवर त्याचा उपयोग झाला. ही दोन्ही द्रव्ये बुरशीच्या पेशीपटलातील अर्गोस्टेरॉलला चिकटून ते पटल सच्छिद्र करतात.

केळीवरील करपा व कपाशीवरील मर यांच्याशी झुंजणाऱ्या खानदेशात या इतिहासाचे महत्त्व विशेष आहे. येथील कृषी-इतिहास जमीनमहसूल, दुष्काळ व बाजारपेठ यांभोवती लिहिला जातो. पीक बुडविणारी बुरशी व तिच्यावरील संशोधन यांनाही त्यात स्थान मिळणे आवश्यक आहे. त्यासाठी इतिहास व वनस्पतिशास्त्र या विभागांनी एकत्र येणे अगत्याचे ठरते.