चाळीस वर्षांचा अपटाइम

ज्यांच्याकडे अजून लाल सिलिंडर आहे त्यांचं बरं असतं. एक संपला की दुसरा लावायचा, दुसराही नसेल तर शेजारच्या काकूंकडून आणायचा. पाइपातून येणाऱ्या गॅसला असा शेजारधर्म नसतो. तेलाचं जहाज भर समुद्रात वळवता येतं, पण हजारो किलोमीटरचा गाडलेला पाइप जिथून निघतो तिथूनच निघतो आणि जिथे जातो तिथेच जातो. युरोप आणि रशियाची अर्ध्या शतकाची गोष्ट समजून घ्यायला एवढी माहिती पुरे आहे.

तर मंडळी, १ फेब्रुवारी १९७०. पश्चिम जर्मनीतलं एस्सेन शहर. शीतयुद्ध चालू आहे, दीड वर्षापूर्वीच सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये घुसलेत. आणि इथे एका हॉटेलात जर्मन आणि सोव्हिएत मंडळी करारांवर सह्या करतायत. व्यवहार अगदी सरळ. मानेसमान कंपनी मोठ्या व्यासाचे पोलादी पाइप देणार, जर्मन बँका त्यासाठी कर्ज देणार, आणि सोव्हिएत संघ ते फेडणार गॅस विकून. गंमत म्हणजे १९६२ मध्ये नाटोने नेमक्या याच पाइपांच्या विक्रीवर बंदी आणली होती. पण आता चॅन्सेलर होते विली ब्रांट. शेजाऱ्याशी व्यवहार वाढवला तर तो हळूहळू बदलतो, हा त्यांचा विचार.

पश्चिम जर्मनीत गॅस पोचला ऑक्टोबर १९७३ मध्ये. त्याच महिन्यात अरब-इस्रायल युद्ध पेटलं. अरब देशांनी तेलाचं उत्पादन कमी केलं, अमेरिका आणि नेदरलँड्सला तर तेल देणंच बंद केलं. म्हणजे बघा, ज्यांच्याकडून वर्षानुवर्षं तेल घेत होतो त्यांनी नळ आवळला, आणि ज्याची क्षेपणास्त्रं आपल्यावर रोखलेली होती त्याने नवा नळ उघडला. जर्मन माणसाने यातून काय धडा घ्यावा?

पुढे सैबेरियातल्या उरेंगॉयहून साडेचार हजार किलोमीटरची नवी लाइन ठरली. डिसेंबर १९८१ मध्ये पोलंडमध्ये लष्करी कायदा लागला आणि रेगन यांनी या लाइनसाठी लागणारं अमेरिकन तंत्रज्ञान रोखलं. जून १९८२ मध्ये तर अमेरिकन परवान्यावर टर्बाइन बनवणाऱ्या युरोपियन कंपन्यांनाही बंदी घातली. यावर कोण भडकलं? चक्क रेगन यांच्या मैत्रीण मार्गारेट थॅचर! झालेले करार मोडायला त्यांनी साफ नकार दिला. नोव्हेंबरात बंदी उठली, लाइन पूर्ण झाली, गॅस वाहू लागला.

पण रेगन यांचा मुद्दा वाया गेला नाही. एकाच पुरवठादारावर फार विसंबू नये असं पाश्चात्त्य देशांनी १९८३ मध्ये मान्य केलं, आणि १९८६ मध्ये नॉर्वेच्या ट्रोल क्षेत्रातून गॅस घ्यायचे मोठे करार झाले. म्हणजे तेव्हाची माणसं भोळी नव्हती. व्यवहार करत होती, पण दुसरी वायरही टाकून ठेवत होती.

मग १९९१ उजाडलं. सोव्हिएत संघ मोडला. पाइप तेच, पण आता ते युक्रेन नावाच्या स्वतंत्र देशातून जात होते. किंमत आणि थकबाकीवरून रशियाने जानेवारी २००६ मध्ये युक्रेनचा गॅस तोडला. जानेवारी २००९ मध्ये तर युक्रेनमार्गे युरोपला जाणारा सगळा पुरवठा जवळपास दोन आठवडे बंद पडला. ऐन थंडीत बल्गेरिया आणि स्लोव्हाकिया गारठले.

आपल्या भाषेत सांगायचं तर सिस्टीम दोनदा क्रॅश झाली होती. आता डीबगिंग. जर्मनीने निदान केलं की मधला राउटर खराब आहे, तो बायपास करा. युक्रेनला वळसा घालून बाल्टिक समुद्राखालून थेट रशिया ते जर्मनी अशी नॉर्ड स्ट्रीम लाइन आधीच ठरली होती, ती २०११ मध्ये सुरू झाली. सर्व्हर मात्र तोच!

लिथुआनियाने वेगळं निदान केलं. या चिमुकल्या देशाचा सगळा गॅस रशियातून यायचा. त्यांनी एक जहाज भाड्याने घेतलं आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये क्लायपेदा बंदरात आणून उभं केलं. उणे १६२ अंशांना द्रवरूप केलेला गॅस जगातून कुठूनही आणायचा आणि या जहाजावर पुन्हा वायू करून पाइपात सोडायचा. जहाजाचं नाव ‘इंडिपेन्डन्स’. खर्चिक प्रकरण होतं. पण ते येणार हे दिसताच रशियाने लिथुआनियाचा दर उतरवला.

त्याच वर्षी रशियाने क्रिमिया घेतला. त्यानंतरही, २०१५ मध्ये, जर्मनीचं सगळ्यात मोठं गॅसभांडार, रेडेन, गॅझप्रॉमच्या ताब्यात गेलं. बॅकअपसुद्धा त्याच व्हेंडरकडे! २०२१ चा हिवाळा आला तेव्हा ते भांडार जवळजवळ रिकामं होतं.

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला. तेव्हा जर्मनीच्या आयातीतला निम्म्याहून जास्त गॅस रशियाचा होता आणि द्रवरूप गॅस उतरवायला एकही टर्मिनल नव्हतं. लिथुआनियाने एप्रिलमध्ये रशियन गॅस घेणं स्वतःहून थांबवलं. जर्मनी मात्र बघत बसला. टर्बाइनच्या दुरुस्तीचं कारण सांगत रशिया पुरवठा कमी करत गेला (पुन्हा टर्बाइनच!), आणि ऑगस्टअखेर देखभालीसाठी बंद केलेली लाइन पुन्हा सुरू झालीच नाही. डिसेंबरात जर्मनीने विल्हेल्म्सहाफेनला पहिलं तरंगतं टर्मिनल उघडलं. निर्णयापासून उघडेपर्यंत लागले जेमतेम दहा महिने. म्हणजे अवघड ते कधीच नव्हतं.

मग जर्मनी तरला कसा? पैशाने. युरोपने मिळेल त्या भावाला जगभरची जहाजं ओढून घेतली. त्याची झळ कोणाला बसली? जुलै २०२२ मध्ये पाकिस्तानने गॅससाठी टेंडर काढलं, एकही बोली आली नाही. आपल्या गेलने २०१२ मध्ये गॅझप्रॉमच्या सिंगापूरमधल्या कंपनीशी वीस वर्षांचा करार केला होता. तिची मालकी जर्मनीतल्या उपकंपनीकडे होती. एप्रिल २०२२ मध्ये जर्मन सरकारने ती उपकंपनी ताब्यात घेतली आणि आपली जहाजं येईनाशी झाली. गेलला खत कारखान्यांचा आणि उद्योगांचा गॅस कमी करावा लागला. प्रकरण लवादात गेलं आणि जानेवारी २०२५ मध्ये २८.५ कोटी डॉलरवर मिटलं. पैसे मिळाले हो, पण त्या वेळी हवा होता तो गॅस नाही मिळाला.

मला १९७० चा करार चुकीचा वाटत नाही. चाळीस वर्षं गॅस येत राहिला हे खरंच आहे. पण उत्तम अपटाइम म्हणजे बॅकअप नव्हे, आणि लोकांनी नेमका तिथेच घोळ घातला. ट्रोलच्या वेळी होती ती सावधगिरी चांगल्या रेकॉर्डमुळेच सुटली. न वापरलेलं टर्मिनल दरवर्षी हिशेबात फुकट खर्च म्हणून दिसतं, आणि असा खर्च कापणाऱ्याचं कौतुकच होतं.

आपणही वापरतो त्यातला साधारण निम्मा गॅस आयात करतो, आणि त्यातला मोठा वाटा कतारचा, होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून येणारा. विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पाडूरला आपण कच्च्या तेलासाठी भूमिगत साठे बांधले. गॅससाठी तसं काही बांधायचं म्हटलं की खर्चाचा प्रश्न पुढे येतो. तो यायलाच हवा. फक्त त्याच्या शेजारी २०२२ चं बिलही ठेवावं, म्हणजे तुलना नीट होईल.