न पेटलेली भिवंडी

इतिहास शिकवताना एक गोष्ट मला नेहमी खटकते. झालेल्या दंगलींच्या सनावळ्या मिळतात, टळलेल्या दंगलीची नोंद कुठेच नसते. म्हणून आज भिवंडीबद्दल लिहितो आहे.

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. स्थानिक हिंदू-मुसलमानांसोबत उत्तर प्रदेशातून आलेले विणकर आणि तेलुगू पद्मशाली कामगार इथे एकाच गल्लीबोळात राबतात. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीत इथे भीषण दंगल उसळली. न्या. मादन आयोगाने पोलिसांच्या पक्षपाती वागणुकीवर कडक ताशेरे ओढले. १९८४ च्या मे महिन्यात शहर पुन्हा पेटले. मुसलमानांचा पोलिसांवर विश्वास उरला नव्हता आणि पोलिसांच्या लेखी भिवंडी म्हणजे कायमची डोकेदुखी.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून इथे आले. बंदोबस्त वाढवून प्रश्न सुटत नाही, हे त्यांनी ओळखले. त्यांनी शहरात सुमारे ७० मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. प्रत्येक कमिटीत हिंदू आणि मुसलमान समान संख्येने, सोबत त्या भागातले पोलीस. महत्त्वाचे म्हणजे या कमिट्या दंगल झाल्यावर शांतता फेरी काढण्यासाठी नव्हत्या, शांततेच्या काळात नियमित भेटण्यासाठी होत्या. आज दोन घरांत झालेले किरकोळ भांडण तिथेच मिटले, तर उद्या ते दोन जमातींचे होत नाही. अफवा आली की खरे-खोटे कोणाला विचारायचे, हेही लोकांना ठाऊक झाले. ज्या पोलिसाला फक्त लाठीसकट पाहिले होते, त्याच्याशी ओळख झाली.

कसोटी लागली ती ६ डिसेंबर १९९२ नंतर. मुंबईत डिसेंबर आणि जानेवारीच्या दंगलीत ९०० माणसे मेली, असे श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल सांगतो. जवळच असलेली, दोनदा होरपळलेली भिवंडी मात्र शांत राहिली. आशुतोष वार्ष्णेय यांच्यासारख्या अभ्यासकाने या प्रयोगाची दखल घेतली. १९९४ मध्ये ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी आणि सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मुंबईतही मोहल्ला कमिट्यांची चळवळ सुरू झाली. २००७ मध्ये गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या काळात आलेल्या तंटामुक्त गाव मोहिमेने तर गावातले तंटे गावातच मिटवणाऱ्यांना बक्षिसे दिली.

तरी या यशाचे श्रेय एका अधिकाऱ्यालाच देऊन आपण मोकळे होतो. कारखान्याची पाळी संपवून, दुकान बंद करून बैठकीला येणारी माणसे कोण होती? 'पोलिसांचा माणूस' असा टोमणा ऐकूनही ती जात राहिली. त्यांची नावे कुठल्या सन्मानपत्रावर आली?

जुलै २००६ मध्ये याच भिवंडीत कब्रस्तानाजवळच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून वाद चिघळला. गोळीबारात दोन जण आणि जमावाच्या हल्ल्यात दोन पोलीस मारले गेले. चारही घरांत मातमच झाला. एकदा कमावलेला विश्वास कायमचा नसतो, तो रोज कमवावा लागतो.

तुमच्या मोहल्ल्यात अशी कमिटी होती का? असेल, तर तिच्यातल्या वडीलधाऱ्यांना गाठा आणि त्यांच्या आठवणी लिहून ठेवा. हीही आपल्या शहरांची तवारीख आहे.