समुद्रात मासे किती?

आमच्या लालबागहून भाऊचा धक्का फार लांब नाही. तिथे पापलेटच्या भावावर कुरकुर केली की "मासलीच नाय दर्यान" हे ठरलेलं उत्तर मिळतं. पण मासळी घटली असं सरकारी आकड्याने म्हटलं, की तीच माणसं विचारतात, "हे कधी आले होते मोजायला?" ही विसंगती मला बरीच वर्षं छळत होती. जुनं थोडं वाचल्यावर ती तितकीशी विसंगती वाटेना.

मुंबईच्या समुद्रात सरकारने मासे शोधायला सुरुवात केली ती मासे वाचवायला नव्हे. 1921-22 मध्ये मुंबई सरकारने 'विल्यम कॅरिक' नावाचा वाफेवरचा ट्रॉलर फिरवला. हा धंदा इथे परवडेल का, एवढंच पाहायचं होतं. नाही परवडला. पुढे 1946 मध्ये केंद्र सरकारने मुंबईतच 'डीप सी फिशिंग स्टेशन' काढलं. अन्नटंचाईचे दिवस होते, समुद्रातून जास्त अन्न हवं होतं. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला जपानी 'तैयो मारू'ही मुंबई-सौराष्ट्राच्या समुद्रात ट्रॉल जाळं ओढून गेली. घोळ, दाढा, कोथ, वाम कुठे किती, याची माहिती जमत गेली. त्याच स्टेशनची पुढे, 1983 मध्ये, 'फिशरी सर्व्हे ऑफ इंडिया' झाली. मुख्यालय अजून मुंबईतच.

आता हेच डोलकराच्या बाजूने बघा. डोल जाळं एका जागी बांधलेलं असतं, भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी त्यात येते. डोलकर मासळीची वाट बघतो, ट्रॉलर तिच्या मागे जातो. मग मासळी कुठे आहे ते शोधून सांगणारी सरकारी बोट कुणाच्या उपयोगाची?

1991 मध्ये तर आकड्याचाच धाक बसला. देशाच्या 200 सागरी मैलांच्या टापूत वर्षाला सुमारे 39 लाख टन मासळी धरता येईल, असा अंदाज निघाला. त्याच वर्षी परदेशी कंपन्यांच्या भागीदारीतल्या मोठ्या जहाजांना दार उघडणारं धोरण आलं. 1994 मध्ये मच्छीमारांनी देशभर संप केला. नंतर नेमलेल्या पी. मुरारी समितीने 1996 मध्ये ते परवाने रद्द करावेत असंच सांगितलं. 2018 पर्यंत तो अंदाज 53.1 लाख टनांवर गेला. त्यात लांबचा, खोल समुद्रही धरलेला आहे, हे खरं. पण ज्याची होडी किनाऱ्यालगतच फिरते, त्याला हा आकडा थट्टाच वाटणार.

दुसरी मोजणी बंदरांवरची. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची माणसं निवडलेल्या दिवशी निवडलेल्या बंदरावर काही बोटींची मासळी मोजतात, त्यावरून राज्याचा अंदाज बांधतात. पद्धत चांगली आहे, हे मान्य करायला हवं. पण ती मोजते किनाऱ्यावर उतरलेली मासळी. 2019 मध्ये महाराष्ट्राचा आकडा 2.01 लाख टनांवर आला, 45 वर्षांतला नीचांक म्हणून गाजला. त्याच वर्षी 'क्यार' आणि 'महा' ही वादळं लागोपाठ आली आणि ऐन हंगामात बोटी बंदरात अडकल्या. समुद्रात मासे कमी की समुद्रावर दिवस कमी? संशोधक हा हिशेब करतात, पण बातमीत नुसता आकडा उरतो.

आणि आता गंमत बघा. पर्ससीन जाळ्यांचा अभ्यास करायला राज्याने समिती नेमली, तिचे प्रमुख होते डॉ. व्ही. एस. सोमवंशी, म्हणजे याच फिशरी सर्व्हेचे माजी महासंचालक! समितीने पर्ससीनला आवर घालायला सांगितलं. 5 फेब्रुवारी 2016 च्या आदेशाने हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच उरला आणि परवाने टप्प्याटप्प्याने 182 पर्यंत उतरवायचं ठरलं. सरकारी आकड्यांवर इतकी वर्षं नाक मुरडणारे पारंपरिक मच्छीमार सोमवंशी अहवालाचा दाखला देऊ लागले आणि अहवाल चुकीचा म्हणायची पाळी पर्ससीनवाल्यांची आली.

म्हणजे सगळा मतलबच, असं कुणी म्हणेल. मला नाही वाटत. डोलकराच्या बाजूने पडलेला आकडा त्याच्या वाट्याला पहिल्यांदाच येत होता, आणि तोसुद्धा ट्रॉलर आणि पर्ससीन येऊन कित्येक वर्षं झाल्यावर. ससून डॉकला मोजलेली टोपली पुढे कुठल्या तक्त्यात गेली, हे त्याच्या सोसायटीच्या फळ्यावर मराठीत लिहायला फारसा खर्च येऊ नये. निदान तेवढं करून बघायला काय हरकत आहे?