रॉयल ऑपेरा हाऊस (मुंबई)

रॉयल ऑपेरा हाऊस हे दक्षिण मुंबईतील गिरगाव भागात, चर्नी रोड रेल्वे स्थानकापासून जवळ, मामा परमानंद मार्गावर असलेले नाट्यगृह आहे. भारतात टिकून राहिलेले हे एकमेव ऑपेरागृह मानले जाते. ब्रिटनचे राजे पाचवे जॉर्ज यांच्या हस्ते १९११ साली त्याचे उद्घाटन झाले व १९१२ साली बांधकाम पूर्ण झाले. ऑपेऱ्यासाठी उभारलेल्या या वास्तूचे बहुतांश आयुष्य मात्र संगीत नाटके आणि चित्रपट यांच्या सोबतीने गेले. १९९३ साली बंद पडलेले हे नाट्यगृह दीर्घ जीर्णोद्धारानंतर ऑक्टोबर २०१६ मध्ये पुन्हा खुले झाले.

पार्श्वभूमी

ऑपेरा हा नाट्य, गायन आणि वाद्यवृंद यांचा मिलाफ असलेला पाश्चात्त्य रंगप्रकार असून मराठीत त्यासाठी 'संगीतिका' हा शब्दही वापरला जातो. सुमारे १६०० साली इटलीतील फ्लॉरेन्स शहरात त्याचा उगम झाला. १६३७ साली व्हेनिसमध्ये तिकीट काढून येणाऱ्या सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी पहिले ऑपेरागृह उघडले. इटालियन ऑपेऱ्यात पात्रांचे संवादही बहुधा गाऊनच सादर होतात. कथानक पुढे नेणाऱ्या संवादसदृश गायनाला 'रेचितातीव्हो' म्हणतात, तर पात्राच्या भावनेचा विस्तार करणाऱ्या स्वतंत्र गीताला 'आरिया' म्हणतात. डोनिझेत्ती, व्हेर्दी आणि पुच्चीनी हे या परंपरेतील प्रमुख संगीतकार होत.

मराठी संगीत नाटकाची घडण याहून वेगळी आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल' या नाटकापासून (१८८०) रूढ झालेल्या या प्रकारात गद्य संवाद आणि पदे आलटून पालटून येतात. ऑपेऱ्यात गायकाला लिखित स्वरलिपी पाळावी लागते, तर संगीत नाटकातील गायकाला पदाचा विस्तार करण्याची मुभा असते. एक गरज मात्र दोन्ही प्रकारांत समान होती. ध्वनिवर्धक येण्यापूर्वी गायकाचा आवाज कोणत्याही यंत्राच्या साहाय्याविना शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावा लागे. त्यामुळे ऑपेऱ्यासाठी बांधलेले सभागृह संगीत नाटकासही सोयीचे ठरले.

स्थापना

ऑपेरागृहाची कल्पना १९०८ साली पुढे आली. कलकत्त्यातील रंगभूमी-व्यावसायिक मॉरिस बँडमन आणि कोळशाच्या दलालीचा व्यवसाय करणारे जहांगीर फ्रामजी कराका हे तिचे प्रवर्तक होते. त्यांना नाममात्र भाड्याने दीर्घ मुदतीसाठी जमीन मिळाली. राजघराण्याच्या सन्मानार्थ नाट्यगृहाच्या नावात 'रॉयल' हा शब्द जोडण्यात आला. १९०९ साली बांधकाम सुरू झाले. १९११ साली पाचवे जॉर्ज दिल्ली दरबारासाठी भारतात आले, त्या वेळी काम अपुरे असतानाच उद्घाटन उरकण्यात आले. १६ ऑक्टोबर १९१२ रोजी नाट्यगृह प्रेक्षकांसाठी रीतसर खुले झाले. बांधकामास सुमारे साडेसात लाख रुपये खर्च आला. त्यानंतरही १९१५ पर्यंत काही फेरफार व भर घालण्याचे काम चालू होते.

बँडमन यांच्या नाटक मंडळ्या भूमध्य समुद्रापासून पूर्व आशियापर्यंतच्या बंदरांतून प्रयोग करीत फिरत असत. जहाजमार्गावरील मोठ्या शहरांत कायमची नाट्यगृहे असणे त्यांच्या व्यवसायाला आवश्यक होते. मुंबईतील ऑपेरागृह हा या साखळीतील एक दुवा होता. मात्र त्यांच्या मंडळ्यांच्या नावात 'ऑपेरा' हा शब्द असला, तरी त्यांचा भर मुख्यतः लंडनमध्ये लोकप्रिय झालेल्या हलक्याफुलक्या इंग्रजी संगीत सुखात्मिकांवर होता. पूर्ण लांबीचा इटालियन ऑपेरा सादर करण्यासाठी मोठा वाद्यवृंद, वृंदगायक आणि प्रशिक्षित गायक लागतात. असा ताफा समुद्रमार्गे नेणे खर्चिक असल्यामुळे नावात ऑपेरा असलेल्या या नाट्यगृहातही इटालियन ऑपेरा नित्याचा झाला नाही.

वास्तुरचना

वास्तूची शैली बरोक असून तीत युरोपीय आणि भारतीय घटकांचे मिश्रण आढळते. दगडी दर्शनी भाग, त्यावरील त्रिकोणी शीर्षभाग व शिल्पे, सोनेरी नक्षीकाम आणि रंगीत काच ही तिची वैशिष्ट्ये होत. प्रवेशदालनात ससून घराण्याकडून मिळालेली स्फटिकाची झुंबरे आहेत. तेथील घुमट आठ भागांत विभागलेला असून तो कवी, कादंबरीकार व नाटककार यांच्या स्मृतीस वाहिलेला आहे. प्रेक्षागृहात तळमजल्यावरील आसने, सज्जे आणि खासगी कक्ष अशी युरोपीय ऑपेरागृहांतील रचना करण्यात आली होती. वरच्या सज्जातील प्रेक्षकालाही प्रत्येक शब्द व स्वर ऐकू यावा, या दृष्टीने छताची आखणी करण्यात आली.

संगीत नाटक व चित्रपटांचा काळ

बांधकाम पूर्ण झाल्यानंतर काही वर्षांतच येथे रंगमंचीय प्रयोगांबरोबर मूकपट दाखवले जाऊ लागले. गिरगाव ही मराठी मध्यमवर्गाची वस्ती असल्याने मराठी रंगभूमीचा प्रेक्षकही हाकेच्या अंतरावर होता. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ मंगेशकर, बापूराव पेंढारकर, मास्टर कृष्णराव आणि ज्योत्स्ना भोळे या कलावंतांनी येथे आपली कला सादर केली. पृथ्वीराज कपूर यांच्या 'पृथ्वी थिएटर्स' या संस्थेचे हिंदी नाट्यप्रयोगही येथे होत.

बोलपट लोकप्रिय झाल्यावर १९३०च्या दशकात नाट्यगृहाचे रूपांतर प्रामुख्याने चित्रपटगृहात झाले. मोठा पडदा आणि अधिक आसने यांना जागा करून देण्यासाठी अंतर्भागात बदल करण्यात आले व मूळ रचनेचे काही भाग नाहीसे झाले. १९५२ साली गोंडल संस्थानचे महाराजा विक्रमसिंहजी यांनी ही वास्तू विकत घेतली. पुढील चार दशके येथे हिंदी चित्रपट दाखवले जात होते.

बंद पडणे व जीर्णोद्धार

१९८०च्या दशकात व्हिडिओ आणि त्यानंतर केबल दूरचित्रवाणी यांच्या प्रसारामुळे एकपडदा चित्रपटगृहांचा प्रेक्षक घटला. त्याचा फटका रॉयल ऑपेरा हाऊसलाही बसला आणि १९९३ साली ते बंद झाले. त्यानंतरची अनेक वर्षे वास्तू वापराविना राहिली व तिची मोठी पडझड झाली. २०१२ साली 'वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड' या संस्थेने आपल्या जागतिक निरीक्षण सूचीत तिचा समावेश केला.

जीर्णोद्धाराचे काम संवर्धन-वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्याकडे सोपवण्यात आले. प्रथम इमारत संरचनेच्या दृष्टीने भक्कम करण्यात आली. जुनी छायाचित्रे आणि इमारतीत उरलेले अवशेष यांच्या आधारे मूळ रंग, नक्षीकाम व काढून टाकलेले कक्ष यांचा शोध घेऊन त्यांची पुनर्रचना करण्यात आली. त्याच वेळी वातानुकूलन, प्रकाशयोजना व ध्वनिव्यवस्था या आधुनिक सुविधांची भर घालण्यात आली. पुनर्रचित प्रेक्षागृहाची आसनक्षमता ५७५ आहे. या कामास २०१७ साली युनेस्कोचा सांस्कृतिक वारसा संवर्धनासाठीचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार (गुणवत्ता श्रेणी) मिळाला.

इटालियन ऑपेऱ्याचे पुनरागमन

ऑक्टोबर २०१६ मधील पुनरारंभाच्या वेळी सोप्रानो गायिका पॅट्रिशिया रोझारियो यांचे गायन झाले. सोप्रानो ही ऑपेऱ्यातील सर्वांत उंच पट्टीच्या स्त्री-आवाजाची श्रेणी आहे. रोझारियो यांचा जन्म मुंबईतील गोमंतकीय कुटुंबात झाला व त्यांची कारकीर्द ब्रिटनमध्ये घडली. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलिपी व वाद्यवादन शिकवले जाई. तेथून मुंबईत आलेल्या संगीतकारांनी नृत्यवृंदांत व हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत महत्त्वाची कामगिरी केली. रोझारियो यांनी पियानोवादक मार्क ट्रूप यांच्यासह 'गिव्हिंग व्हॉइस टू इंडिया' हा भारतीय गायकांना पाश्चात्त्य अभिजात गायनाचे प्रशिक्षण देणारा उपक्रम सुरू केला.

२०१७ साली येथे डोमेनिको चिमारोझा यांचा 'इल मात्रिमोनियो सेग्रेतो' (गुप्त विवाह) हा इटालियन ऑपेरा सादर झाला. त्याचा पहिला प्रयोग १७९२ साली व्हिएन्ना येथे झाला होता. बोलोन्या शहरातील श्रीमंत व्यापारी जेरोनिमो याची धाकटी मुलगी कारोलिना हिने वडिलांचा कारकून पाओलिनो याच्याशी गुपचूप लग्न केलेले असते. थोरल्या मुलीसाठी आलेला सरदार कारोलिनावरच भाळतो, तर घरातील विधवा आत्या पाओलिनोवर अनुरक्त होते. त्यातून उद्भवणारे घोटाळे आणि अखेरीस गुपित उघड होऊन होणारा समेट असे त्याचे कथानक आहे. त्याचा आधार एक इंग्रजी सुखात्मिका आहे. गोविंद बल्लाळ देवल यांचे 'संगीत संशयकल्लोळ' हे नाटकही युरोपीय सुखात्मिकेवरूनच रचलेले आहे. वाद्यवृंद लहान व पात्रे सहाच असल्यामुळे चिमारोझा यांची ही कृती मध्यम आकाराच्या नाट्यगृहाला पेलण्यासारखी आहे.

सद्यस्थिती

मुंबईत मोठ्या प्रमाणावरील ऑपेरा मुख्यतः नरिमन पॉइंट येथील राष्ट्रीय प्रयोगकला केंद्रात (एनसीपीए) होतो. तेथील जमशेद भाभा नाट्यगृह १९९९ साली सुरू झाले असून त्याची आसनक्षमता हजाराहून अधिक आहे. २००६ साली स्थापन झालेल्या 'सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' या वाद्यवृंदामुळे तेथे पुच्चीनी यांच्या ऑपेऱ्यांचे प्रयोग करणे शक्य झाले.

रॉयल ऑपेरा हाऊसचा रंगमंच व प्रेक्षागृह त्या तुलनेत लहान आहे. त्यामुळे निवडक आरिया व युगुलगीतांच्या मैफली आणि लहान ताफ्याचे ऑपेरा यांना ते अधिक अनुकूल ठरते. केवळ ऑपेऱ्यावर नाट्यगृह चालवणे शक्य नसल्याने येथे नाटके, भारतीय व पाश्चात्त्य संगीताचे कार्यक्रम, नृत्य आणि चित्रपटविषयक उपक्रमही होतात. विविध कलाप्रकारांना आश्रय देण्याची ही पद्धत नाट्यगृहाच्या आरंभकाळापासूनच चालत आलेली आहे.

परिसराचे नाव

या नाट्यगृहावरून आसपासच्या भागाला 'ऑपेरा हाऊस' हे नाव पडले. हा भाग दीर्घकाळ हिरे व्यापाराचे केंद्र म्हणून प्रसिद्ध होता. नाट्यगृह बंद असण्याच्या तेवीस वर्षांतही परिसराचे हे नाव नागरिकांच्या बोलण्यात कायम राहिले.