पन्नाशीनंतर मॅरेथॉन : शर्यतींचा हंगाम कसा आखायचा?

महाराष्ट्रात धावण्याच्या शर्यतींचा मोठा हंगाम पावसाळा ओसरताना सुरू होतो आणि थंडी संपेपर्यंत चालतो. ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास सातारा हिल हाफ मॅरेथॉन, डिसेंबरमध्ये पुणे आणि वसई-विरार, जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन. मधल्या रविवारी कुठे ना कुठे १० किलोमीटरची शर्यत असतेच. पंचविशीतला धावपटू यातल्या बऱ्याच शर्यती पळून जातो. पन्नाशी-साठीत तसंच केलं, तर मुख्य शर्यत येईपर्यंत पोटरी, टाच किंवा गुडघा दुखावण्याची शक्यता मोठी असते. म्हणून या वयात शर्यतींच्या तारखांआधी विश्रांतीचे दिवस ठरवावे लागतात.

वय वाढल्यावर नेमकं काय बदलतं?

व्यायाम करताना शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, त्याला 'व्हीओटू मॅक्स' म्हणतात. तिशीनंतर ही क्षमता दर दशकात साधारण १० टक्क्यांनी घटते. नियमित सराव असेल तर घसरण मंदावते, पण थांबत नाही. स्नायूंची ताकद कमी होते आणि स्नायू हाडांना जोडणारे कंडरे दुखावले तर भरून यायला जास्त वेळ लागतो.

कॅनडाच्या एड व्हिटलॉक यांनी २००४ मध्ये, वयाच्या ७३व्या वर्षी, टोरांटोत २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण केली होती. २०१६ मध्ये, ८५व्या वर्षी, त्यांना ३ तास ५६ मिनिटं ३३ सेकंद लागले. दोन्ही कामगिऱ्या त्या त्या वयात अफाटच, पण मधल्या १२ वर्षांत वेळ तासाभराने वाढली. तेव्हा लक्ष्य ठरवताना दहा वर्षांपूर्वीची आपली वेळ समोर ठेवून उपयोग नाही.

त्यासाठी 'एज ग्रेडिंग' नावाची पद्धत आहे. त्या वयाच्या आणि लिंगाच्या सर्वोत्तम वेळेच्या तुलनेत आपली वेळ किती टक्के, हे तिच्यातून कळतं. ६० टक्क्यांच्या वर स्थानिक, ७० च्या वर प्रादेशिक, ८० च्या वर राष्ट्रीय आणि ९० च्या वर जागतिक दर्जा मानला जातो. वेळ वाढली तरी टक्केवारी टिकून असेल, तर सराव बरोबर चालला आहे असं समजावं.

दोन शर्यतींमध्ये किती अंतर हवं?

न्यूझीलंडच्या जॅक फॉस्टर यांनी १९७४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ४१व्या वर्षी मॅरेथॉनचं रौप्यपदक मिळवलं. त्यांच्या नावाने एक आडाखा प्रसिद्ध आहे : शर्यत जितक्या मैलांची, तितके दिवस पुन्हा जोरात धावायचं नाही. म्हणजे १० किलोमीटरनंतर ६ दिवस, हाफ मॅरेथॉननंतर १३ आणि पूर्ण मॅरेथॉननंतर २६. या काळात चालणं किंवा हळू धावणं चालतं. साठीनंतर यात आणखी काही दिवस घालणं शहाणपणाचं.

मुंबई मॅरेथॉन मुख्य धरली, तर हंगाम कसा दिसेल?

जानेवारीपासून मागे मोजत यायचं.

• जून-जुलै : पाया भरण्याचा काळ. हळू धावणं आणि आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायाम. धावण्याचं अंतर हळूहळू वाढवावं आणि दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा हलका ठेवावा.

• ऑगस्ट-सप्टेंबर : सातारा. यवतेश्वर घाट चढताना दम लागतो, पण मांड्यांची खरी परीक्षा उतारावर होते. इथे वेळेचा हट्ट नको. नंतरचे दोन आठवडे हलके ठेवावेत.

• ऑक्टोबर-नोव्हेंबर : ऑक्टोबर हीटमध्ये वेग आपोआप पडतो, त्यामुळे पहाटेचा सराव बरा. वाटल्यास एखादी १० किलोमीटरची शर्यत.

• डिसेंबर : पुणे किंवा वसई-विरार, दोन्ही नाही. पहिल्या रविवारी हाफ पळाल्यास मुंबईला सहा ते सात आठवडे मिळतात. त्यात विश्रांतीही बसते आणि शेवटचे लांब पल्ल्याचे सरावही.

• शेवटचे तीन आठवडे : सराव टप्प्याटप्प्याने कमी करायचा. राहून गेलेले किलोमीटर आता भरून काढायचे नाहीत.

अशा आखणीत सात-आठ महिन्यांत चारच शर्यती होतात. तेवढ्या पुरेशा आहेत.

क्रॉस कंट्रीचा उपयोग होतो का?

होतो. गवत, माती आणि चढउतारावर धावल्याने रस्त्यावर सतत बसणारे एकसारखे धक्के कमी होतात आणि घोट्याभोवतीचे स्नायू बळकट होतात. आठवड्यातून एक दिवस टेकडी किंवा मैदान गाठावं. मात्र वयानुसार तोल सांभाळण्याची क्षमता घटते. शेवाळ धरलेल्या पावसाळी वाटा टाळाव्यात आणि पहिल्या काही वेळा वेग ठेवूच नये.

स्पर्धेची आवड असणाऱ्यांसाठी मास्टर्स ॲथलेटिक्स आहे. जागतिक स्तरावर वयाच्या ३५ पासून पाच-पाच वर्षांचे गट असतात. साठी नुकतीच ओलांडलेला धावपटू ६० ते ६४ च्या गटात सर्वांत तरुणांपैकी असतो, म्हणून काही जण मोठी स्पर्धा गट बदलणाऱ्या वर्षात ठेवतात.

डॉक्टरांकडे कधी जावं?

नोंदणी करण्याआधी. रक्तदाब, साखर आणि हृदयाची तपासणी करून घ्यावी. स्ट्रेस टेस्ट हवी का, हे डॉक्टर ठरवतील. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल, तर ती हृदयाचे ठोके वाढू देत नाही. अशा वेळी घड्याळातल्या हार्ट रेटवर सराव आखता येत नाही; धावताना दोन वाक्यं सलग बोलता येतात का, हे पाहावं. गोळी स्वतःहून बंद करू नये.

शर्यतीच्या दिवशी वेदनाशामक गोळी घेऊन धावू नये. शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांचा मूत्रपिंडावर ताण येतो. वयानुसार तहानेची जाणीव मंदावते, त्यामुळे पाणी थोडं थोडं घेत राहावं. पण भीतीपोटी अति पिणंही घातक, कारण रक्तातलं सोडियम घटू शकतं. छातीत दुखणं, चक्कर येणं किंवा नेहमीपेक्षा वेगळा दम लागणं यापैकी काहीही झालं, तर तिथेच थांबून वैद्यकीय मदत घ्यावी.

शर्यत सोडायची कधी?

दुखण्यामुळे धावण्याची ढब बदलत असेल, सकाळचे ठोके सलग काही दिवस वाढलेले असतील किंवा ताप येऊन आठवडाही झाला नसेल, तर ती शर्यत सोडावी. भरलेली फी जाईल, पण दुखऱ्या पायाने धावून पूर्ण हंगाम गमावण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.