कापसाचा बाजार आणि मृतांची वस्त्रे

वऱ्हाडच्या इतिहासात १८६१ ते १८६५ ही वर्षे सोन्याची म्हणून सांगितली जातात. अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून बंद पडू लागल्या. तोवर ब्रिटनला लागणारा सुमारे तीनचतुर्थांश कापूस अमेरिकेतून, काळ्या गुलामांच्या हातून येत होता. तो थांबताच हिंदी कापसाचे भाव कैक पटींनी चढले. मुंबईत प्रेमचंद रायचंद आणि इतरांनी शेअरांचा जुगार मांडला. १८६५ च्या एप्रिलमध्ये जनरल लीने शरणागती पत्करली आणि भाव कोसळले. पाठ्यपुस्तकातला इतिहास जवळजवळ इथेच थांबतो. फार तर १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुप्याला कुणबी सावकारांवर चालून गेले, एवढे तो जोडतो.

हे सोने कोणाचे होते, हा प्रश्न मात्र तो विचारत नाही.

जागतिक बाजारपेठ आणि तिने वाढवलेली उपभोगाची हाव टिकाऊ आहे काय, यावर हल्ली चर्चासत्रे भरतात. इतिहास शिकवणारा म्हणून मला वाटते, की हा बाजार आजवर टिकला तो हात बदलत. एका खंडातील गुलामाचे हात सुटू लागताच त्याने दुसऱ्या खंडातील शेतमजुराचे हात शोधले. खामगावला १८७० मध्ये खास कापसासाठी रेल्वेचा फाटा टाकला गेला. पण गाडी रिकामी परतत नाही. तिने विलायती कापड आणले. नागपूरकडील महार जाडेभरडे कापड विणीत असत. गिरणीच्या कापडापुढे त्यांचे माग बसले. १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली आणि माग गमावलेल्यांची मुले पुढे गिरण्यांच्या दारात उभी राहिली. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सुयांपासून कुलपांपर्यंत विलायती मालाची यादीच दिली आहे आणि त्यामुळे इथला कारागीर उपाशी मरतो हे सांगितले आहे. आमच्या अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमात ती यादी मला अजून दिसलेली नाही.

कापूस पोटात घालता येत नाही. तो वेचून मिळालेल्या मजुरीवर ज्वारी विकत घ्यायची असते. १८९९-१९०० मध्ये पाऊस गेला तेव्हा मजुरीही गेली आणि ज्वारीही. १८९१ पेक्षा १९०१ च्या खानेसुमारीत वऱ्हाडची माणसे कमी भरली. पण कापसाचा व्यापार काही त्यामुळे संपला नाही.

म्हणून स्वयंपूर्ण खेड्याकडे परत चला, असे कोणी म्हणेल तर त्याच्या पंगतीला मी बसणार नाही. त्या खेड्याविषयी बाबासाहेब ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत काय बोलले ते आपण जाणतोच. गिरणीने रोख मजुरी दिली, बलुत्याच्या उकिरड्यातून बाहेर काढले; माझ्यासारखा पहिल्या पिढीचा पदवीधर त्याच वाटेच्या शेवटी उभा आहे. अर्थात मुंबईच्या गिरण्यांतही जात होतीच. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे दोरा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्याला मज्जाव. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे टाकला होता.

‘कमी वापरा’ हा उपदेश मला याच कारणाने खटकतो. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला आपल्या बायकांना सांगितले गेले, की उच्चवर्णीय बायका नेसतात तसे लुगडे नेसा. अंगभर वस्त्र हा आपल्याकडे चैनीचा नव्हे, लढ्याचा विषय होता. त्याच परिषदेत जी मनुस्मृती जाळली, तिने चांडाळाला मृतांची वस्त्रे नेमून दिली होती.

आता जगाकडे पाहा. २००० नंतरच्या दोन दशकांत जगातील धाग्याचे उत्पादन जवळपास दुप्पट झाले. त्यातला निम्म्याहून अधिक पॉलिएस्टर, म्हणजे खनिज तेलातून काढलेला, मातीत न कुजणारा. श्रीमंत देशांनी चार वेळा घालून टाकलेले कपडे गाठी बांधून पानिपतला येतात, आफ्रिकेत जातात. घानाच्या आक्रा शहरात कांतामांतो नावाचा अशा कपड्यांचा प्रचंड बाजार आहे. तिथल्या भाषेत या कपड्यांना ‘ओब्रोनी वावू’ म्हणतात. अर्थ, मेलेल्या गोऱ्याचे कपडे. मनूला आक्रा ठाऊक नव्हते, पण नेमणूक तीच आहे. आणि हे कपडे स्वस्तात शिवणारे? २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळला, तेव्हा अकराशेहून अधिक कामगार गाडले गेले.

इकडे यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने वीसावर माणसे मेली. पाठीवर पंप बांधणारा पुष्कळदा दुसऱ्याच्या शेतातला मजूर असतो. माझी आजी वजनावर कापूस वेचायची. बोंडाच्या टोकांनी फाटलेली तिची बोटे कोणत्याही मालाच्या किमतीत धरलेली नव्हती. धरली असती, तर हा बाजार इतका स्वस्त राहिला असता काय? टिकाऊपणाचा हिशोब मला इथून मांडावासा वाटतो.

२०२५ च्या ऑगस्टात अमेरिकेने हिंदी मालावरील जकात ५० टक्क्यांवर नेली. त्याच महिन्यात केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क उठवले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. गिरण्यांना परदेशी कापूस स्वस्त झाला. विदर्भातला कापूस तेव्हा बोंडात होता आणि वेचणीचा दर अजून ठरायचा होता.