शेगावची सहल आणि पोटाची सोय: शिदोरीपासून कचोरीपर्यंत

सहलीचा बेत आखताना आपण गाडीची तिकिटे काढतो, खोली ठरवतो. कुठे, कधी आणि काय खायचे हे मात्र भूक लागल्यावर ठरते. शेगावला दर्शन आणि आनंद सागर असा दिवसभराचा कार्यक्रम असेल, तर त्याचा त्रास आधी दोघांना होतो: लहान मुलांना आणि मधुमेह असलेल्या आजी-आजोबांना. आपल्या आधीच्या पिढ्यांनी हा प्रश्न कसा सोडवला ते पाहिले, तर आजचे नियोजन सोपे होते.

शिदोरीचा काळ

पायी किंवा बैलगाडीने निघणारा यात्रेकरू शिदोरी बांधून घ्यायचा: दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, फुटाणे, गूळ, सातूचे पीठ. यामागे शास्त्र आहे. जिवाणूंना वाढायला ओलावा लागतो. कोरड्या, खारट आणि गोड पदार्थांत त्यांना तो पुरेसा मिळत नाही. म्हणून वरण-भात काही तासांत आंबतो आणि चटणी कित्येक दिवस टिकते.

शिदोरी सुरक्षित होती, पाणी नव्हते. यात्रेच्या गर्दीत एकाच नदीचे किंवा विहिरीचे पाणी सगळे पीत आणि पटकीची साथ पसरे. पटकी म्हणजे कॉलरा. त्याचा जिवाणू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कोलकात्यात ओळखला. पुढे पंढरपूरसारख्या यात्रांना जाणाऱ्यांना पटकीची लस टोचून घ्यावी लागे.

पंगतीचा काळ

श्री गजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ रोजी शेगावात प्रकट झाले, असे मानले जाते. उष्ट्या पत्रावळींवरची शिते वेचून खाताना ते बंकटलालांना प्रथम दिसले, ही कथा आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. अन्नाचा कण वाया जाऊ नये, हा तिचा अर्थ. पुढे भक्तांसाठी महाप्रसादाची परंपरा रुजली. पिठलं, भाकरी, अंबाडीची भाजी हे या परंपरेतले साधे जेवण.

डॉक्टर म्हणून मला पंगतीची एक गोष्ट फार आवडते: अन्न उकळत्या भांड्यातून थेट पानात येते आणि लगेच संपते. ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जिवाणू झपाट्याने वाढतात. गरम पंगतीत त्यांना ती संधी मिळत नाही. तोच भात डब्यात भरून दुपारभर गाडीत ठेवला, की मिळते. भातातले काही जिवाणू असे विष तयार करतात, की भात पुन्हा गरम केला तरी ते नष्ट होत नाही.

फलाटाचा काळ

मुंबईहून निघालेली रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली आणि शेगाव त्या मार्गावर आले. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम करमचंद शर्मा यांनी १९५० च्या सुमारास शेगाव स्थानकावर कचोरी सुरू केली. गाडी काही मिनिटेच थांबते, तेवढ्यात हातात घेऊन खाता येईल असा हा पदार्थ. कढईतून नुकतीच निघालेली कचोरी जंतूंच्या दृष्टीने बरीच सुरक्षित असते. काळजी घ्यायची ती उघड्यावरच्या पातळ चटणीची आणि पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलाची. शिवाय मैदा आणि तेल, म्हणजे कचोरी हा नाश्ता आहे, जेवण नव्हे.

आनंद सागरचा काळ

या शतकाच्या सुरुवातीला संस्थानने ओसाड जमिनीवर तलाव, बागा आणि छोटी आगगाडी असलेले आनंद सागर उभे केले. मधली काही वर्षे ते बंद होते, नंतर काही भाग पुन्हा खुला झाला. जाण्यापूर्वी चौकशी जरूर करा. दर्शनाची यात्रा इथे कुटुंबाची सहल झाली. त्याबरोबर उन्हात चालणे, रांगेत थांबणे आणि जेवण लांबणे हेही आले.

पाण्याचा प्रश्न आजही आहे, फक्त त्याचे रूप बदलले आहे. पूर्णा नदीचे खोरे खारपाणपट्टा म्हणून ओळखले जाते. पाणी उकळल्याने जंतू मरतात, क्षार मात्र जात नाहीत. एका दिवसाने निरोगी माणसाचे काही बिघडत नाही, पण मूत्रपिंडाचा आजार किंवा रक्तदाब असलेल्यांनी बोअरचे खारे पाणी टाळावे.

मग बेत कसा आखायचा?

• सकाळी घरून शिदोरी: दशमी, चटणी, फुटाणे, केळी. पाणीही घरचेच.
• मुख्य जेवण ठरलेल्या वेळी, एकाच ठिकाणी आणि गरम. महाप्रसादाची वेळ आधी विचारून त्यानुसार दर्शन आणि फिरणे बसवा.
• कचोरी समोर तळलेलीच घ्या. उन्हाळ्यात बाहेर तासाभराहून जास्त राहिलेले शिजवलेले अन्न खाऊ नका.
• इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी दर्शन होईपर्यंत उपाशी राहू नये. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटले तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा घ्यावी आणि मग जेवावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये.
• पिशवीत ओआरएसची पाकिटे ठेवा.

ओआरएसचाही इतिहास आहे. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली आणि सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि मीठ जास्त नको.

जुलाबात रक्त, सतत उलट्या, लघवी कमी होणे किंवा मूल सुस्तावणे, यांपैकी काहीही दिसले तर सहल तिथेच थांबवा आणि जवळच्या दवाखान्यात जा. दर्शन पुन्हा होईल.